दुसरी गाडी घेताना जुनी ठेवावी का?

आधी आरसीवरची नोंदणीची तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते. पुढे आरटीओत गाडी दाखवून ती 5-5 वर्षांसाठी वाढवावी लागते. गाडी तेरा-चौदा वर्षांची असेल तर तो खर्च आत्ताच हिशेबात धरा. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होऊन तडकतं.

बहुतेकांचा हिशेब चुकतो तो विम्याच्या नो क्लेम बोनसमध्ये. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेज प्रीमियमवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर, 50 टक्के सूट मिळते. ही सूट मालकाची असते, गाडीची नाही. जुनी विकलीत तर विमा कंपनीकडून प्रमाणपत्र घेऊन ती नव्या गाडीला लावता येते. जुनी ठेवलीत तर सूट तिच्यावरच राहते आणि नव्या गाडीचा प्रीमियम पूर्ण भरावा लागतो. हा फरक कागदावर मांडाच.

बडोद्यात जागेचा प्रश्न वेगळाच. 2019 आणि 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्तीत शिरलं होतं. सखल भागातल्या तळघरात न वापरती गाडी ठेवू नका. उभ्या गाडीची बॅटरी दोन-तीन आठवड्यांत उतरू शकते. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालवून ती भरत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. पंधरवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवा. एवढं जमणार नसेल तर विका.

विकताना मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 भरून आरसीवरचं नाव बदललं की नाही ते स्वतः तपासा. तोवर अपघाताची नोटीस तुमच्याच घरी येईल.