उसात नोड लावताय? आधी कपॅसिटर रिकामा करा

गेल्या पावसाळ्यात शिरोळकडं काकांच्या उसात मातीचा ओलावा मोजून रेडिओनं कळवणारा सोलर नोड, म्हणजे छोटा यंत्राचा डबा, लावला. बॅटरीऐवजी त्यात वीज साठवायला कपॅसिटर. ऑगस्टात आठवडाभर सूर्य दिसला नाही, नोड बंद पडला. ते धरूनच होतो. पण पुढं कडक ऊन पडलं तरी तो उठला नाही. गुडघाभर चिखलातून जाऊन त्याला हातानं चार्ज करावं लागलं. काका बांधावरून बघत होते, ते वेगळंच.

पॅनेल, डबा, अँटेना कुणी विसरत नाही. मी विसरलो ती चाचणी: कपॅसिटर पूर्ण रिकामा ठेवून, फक्त पॅनेलवर नोड सुरू होतो का? टेबलावर मी दर वेळी आधी चार्ज करूनच बघत होतो. पॅनेलची वीज कपॅसिटरमध्ये भरणारी बीक्यू२५५७० चिप एकदा चालू झाली की १०० मिलीव्होल्टवरूनही वीज गोळा करते, पण रिकाम्यावरून सुरू व्हायला तिला साधारण ६०० मिलीव्होल्ट लागतात आणि तेव्हा चार्जिंग मुंगीच्या पावलानं होतं. मी ओलाव्याचा सेन्सर थेट कपॅसिटरवर जोडलेला. जेवढं येईल तेवढं तोच पिऊन टाकायचा. म्हणून सेन्सरसकट सगळा लोड (वीज खाणारे भाग) चिपच्या बक आउटपुटवर, म्हणजे व्होल्टेज उतरवून देणाऱ्या आउटपुटवर घ्या आणि बक चालू करणारी पिन 'बॅट ओके'ला, म्हणजे साठा पुरेसा झाला हे सांगणाऱ्या पिनला जोडा. ४ व्होल्टला लोड जोडला जावा, ३ व्होल्टला तुटावा. दोन्हींत अंतर ठेवा, नाहीतर नोड उठतो, व्होल्टेज पडतं, परत झोपतो, दिवसभर तेच.

आणि ही चाचणी बेंच सप्लायवर, म्हणजे टेबलावरच्या वीजपुरवठ्यावर करू नका. नोड मागेल तेवढा करंट तो देतो, त्यावर काहीही सुरू होतं. ढगाळ दिवशी खिडकीत पॅनेल ठेवून बघा. रिकाम्या कपॅसिटरवरून. परत सांगतोय, रिकाम्या.

झोपेतला करंट, म्हणजे नोड काही करत नसताना खातो तो, अख्ख्या बोर्डाचा मोजा, डेटाशीटमधला नको. १० मायक्रोअँपिअर, २.५ व्होल्ट म्हणजे दिवसाला साधारण २.२ ज्यूल. १ फॅरडचा कपॅसिटर ५ वरून ३ व्होल्टला येताना ८ ज्यूल देतो, म्हणजे काहीही न पाठवता जेमतेम साडेतीन दिवस. त्यात २ मिलीअँपिअरचा पॉवर एलईडी राहिला तर दिवसाला ४३२ ज्यूल! उपटून टाका तो.

संदेश पाठवणारा एसएक्स१२७६ रेडिओ २० डीबीएमला (डीबीएम म्हणजे पाठवण्याची ताकद) १२० मिलीअँपिअर ओढतो, या चिपचा बक ११० च्या आसपासच दम सोडतो. १३ डीबीएमला २९ मध्ये भागतं, तेवढं बास. भारतात विनापरवाना बँड ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ.

खांब उसापेक्षा उंच हवा. लागणीला पॅनेल उन्हात असतं, पुढं ऊस १०-१२ फूट चढतो आणि पॅनेल सावलीत. तोंड दक्षिणेला, कल साधारण १७ अंश. वायर पाइपातून, उंदीर सोडत नाहीत. तोडीच्या आधी काढून आणा, पाचट पेटवलं की डबा गेला. डब्यात मुंग्या शिरतात, म्हणून केबल ग्लँड (वायर डब्यात शिरते तिथलं बूच) घट्ट. बाकी तुम्हाला कळतंच.

निघायच्या आदल्या दिवशी १०० ओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर कपॅसिटरला लावून दहा मिनिटं थांबा, तो रिकामा करा आणि नोड खिडकीत ठेवा. पहिला संदेश आला तरच गाडीला किक मारा.