लेझर-क्वांटम संशोधनात जायचंय? कडप्पाच्या फरशीपासून सुरुवात करा

नाशिकला बी.एस्सी. फिजिक्स करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'जॅमसाठी (एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेसाठी) क्लास कुठला?' हाच असतो. क्लास लावायचा तर लावा. पण प्रायोगिक पीएच.डी.च्या मुलाखतीत मोजमाप कसं घेतलं, चूक किती आली, ती कुठून आली हेही विचारतात, आणि ते हाताने केल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एक मायकेलसन इंटरफेरोमीटर स्वतः उभारा. त्यात लेझरचा किरण दोन भुजांत विभागतात, आरशांवरून परतवून पुन्हा एकत्र आणतात आणि पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचा गाभाही हाच आहे. तिथल्या भुजा ४ किलोमीटरच्या, तुमच्या १५ सेंटिमीटरच्या.

पायासाठी दोन फूट बाय दोन फूट, २० मिलिमीटर जाडीची कडप्पा घ्या. वजन साधारण २० किलो भरतं, ते आपल्याला हवंच आहे. खाली स्कूटरची जुनी ट्यूब ठेवून तिच्यात कमीच हवा भरा. फरशी बोटाने दाबली की हळू डुलली पाहिजे. ट्यूब टम्म फुगवली तर रस्त्यावरच्या ट्रकचा हादरा सरळ वर येतो आणि पट्टे नाचत राहतात.

घरातला आरसा चालत नाही, कारण त्याचा मुलामा मागच्या बाजूला असतो आणि पुढच्या काचेवरून जास्तीचा ठिपका येतो. भंगारातल्या फ्लॅटबेड स्कॅनरमधले आरसे पुढून मुलामा दिलेले असतात, ते काढा. मुलाम्याला बोट लावू नका. धूळ फक्त हवेने उडवा. किरण दोन भुजांत विभागणारी काच, म्हणजे किरण विभाजक, अर्धपारदर्शक मिळाला तर उत्तम. नाहीतर ४५ अंशात उभी केलेली जाडसर साधी काचही चालते. तिच्यावरून थोडाच प्रकाश परततो, पण दोन्ही भुजांचा किरण एकदा परावर्तित होतो आणि एकदा आरपार जातो. त्यामुळे दोघांची तीव्रता सारखी राहते. पट्टे मंद दिसतात, पण ठसठशीत.

आरशाचे स्टँड सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमधून करून घ्या. आरशाची पाटी तीन टेकूंवर हवी. एक टेकू स्थिर, दोन एम-६ स्क्रूचे, स्थिर टेकूपासून ५० मिलिमीटरवर. स्क्रूचा आटा १ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एका फेऱ्यात तो १ मिलिमीटर पुढे जातो. दशांश फेरा दिला की आरसा २ मिलिरेडियन कलतो, किरण ४ मिलिरेडियन वळतो आणि १ मीटरवरच्या पडद्यावर ठिपका ४ मिलिमीटर सरकतो. यापेक्षा जाड आटा घेतलात तर ठिपके जुळवताना हैराण व्हाल.

लेझर लाल घ्या, १ मिलिवॉटपेक्षा कमीचा. स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा न दिसणारा अवरक्त प्रकाशही गळू शकतो, घातक तोच. अंगठी, घड्याळ काढून ठेवा आणि किरणाच्या उंचीवर डोळा नेऊ नका.

जुळवणी भिंगाशिवाय सुरू करा. पडद्यावर दोन ठळक ठिपके येतील, शिवाय काचेच्या मागच्या बाजूचे फिकेही. ठळक ते एकमेकांवर आणा, मग लेझरसमोर लहान भिंग ठेवा. पट्टे नाही दिसले तर आधी पट्टीने भुजा मोजा. हेलियम-निऑन लेझर दहा-वीस सेंटिमीटरचा फरक सोसतो, डायोड पॉइंटर बहुधा नाही. त्याच्यासाठी भुजा मिलिमीटरपर्यंत सारख्या करा. पट्टे संथपणे एकाच दिशेने सरकत असतील तर ते तापमान. अ‍ॅल्युमिनियमची १५ सेंटिमीटर पट्टी १ अंशाने तापली की साधारण ३.५ मायक्रोमीटर लांबते, म्हणजे दहाएक पट्टे. हिवाळ्यात सकाळी खिडकीतून ऊन येतं तेव्हा हे हमखास दिसतं. पंखा बंद, वर पुठ्ठ्याचं खोकं.

आता लेझरच्या तरंगलांबीची मोजणी. आरसा अर्ध्या तरंगलांबीने सरकला की एक पट्टा पुढे जातो. ६५० नॅनोमीटरला १०० पट्टे म्हणजे ३२.५ मायक्रोमीटर. आरसा सरकवणारा तुमचा मायक्रोमीटर स्क्रू ०.०१ मिलिमीटरच वाचत असेल, तर एवढ्यावर चूक ३० टक्के. ५०० पट्टे मोजलेत तर ती ६ टक्क्यांवर येते. डोळ्यांनी ५०० मोजणं ही शिक्षा आहे. प्रकाश टिपणारा बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड आणि मोजणीसाठी आर्डुइनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड लावा. स्क्रू एकाच दिशेने फिरवा, उलटा फिरवला तर आट्यातला ढिलेपणा आकड्यात शिरतो.

एक सावधगिरी. प्रकाश फिल्टरने मंद करून 'एकेका फोटॉनचा प्रयोग केला' असं लिहू नका. लेझर कितीही मंद केला तरी फोटॉनांची संख्या पॉयसाँ वितरणानेच येते, कधी शून्य, कधी दोन. क्वांटम ऑप्टिक्सवाले हे लगेच पकडतात.

पुढचे टप्पे सर्वांना माहीत असतात. जॅममध्ये ३ तासांत ६० प्रश्न, १०० गुण. चुकीच्या उत्तराचे गुण फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना कापतात, संख्यात्मक प्रश्न कोरे सोडू नका. पीएच.डी.साठी सीएसआयआर नेट आणि जेस्ट या परीक्षा, शिवाय टीआयएफआर या संशोधन संस्थेची स्वतंत्र परीक्षा. नाशिकहून जवळचं पाहायचं तर मुंबईला टीआयएफआर आणि आयआयटी, पुण्याला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था. लेझरच्या यंत्रणेतच रस असेल तर इंदूरचं आरआरकॅट हे लेझर आणि त्वरकांचं संशोधन केंद्र. २०२३ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमधलं संवेदन आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे, आणि इंटरफेरोमीटर हे मापनाचंच यंत्र.

उन्हाळी प्रकल्पासाठी प्राध्यापकांना हिवाळ्यातच लिहा. पन्नास जणांना एकच मेल नको. त्यांचा अलीकडचा एक शोधनिबंध वाचा आणि एका पानात चार गोष्टी द्या: पट्ट्यांचा फोटो, मोजलेली तरंगलांबी चुकीसकट, काय बिघडलं होतं, ते कशावरून कळलं. वहीत खोडलेलं फाडू नका. एक रेघ मारा, शेजारी तारीख टाका. मुलाखतीला तीच वही न्यायची आहे.