नमुना घेतला, रिपोर्टचं काय? सिकलसेलवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

जून-जुलै उजाडला की एमएस्सी झालेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. "ताई, रक्ताच्या आजारांवर पीएचडी करायची आहे. सुरुवात कुठून करू?" बहुतेकांच्या मनात जीन एडिटिंग असतं. २०२३ च्या शेवटी आधी ब्रिटनने आणि पाठोपाठ अमेरिकेने सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी क्रिस्पर या जीन एडिटिंगच्या, म्हणजे जनुकात नेमका बदल करण्याच्या, तंत्रावरचा पहिला उपचार मंजूर केला, तेव्हापासून तर फारच. त्यांचा हा उत्साह मला मनापासून आवडतो. पण मी आधी एकच विचारते: एकाच पाड्यावर तुम्ही कितीदा परत जाऊ शकाल?

मी शिरपूरची. घरात अहिराणी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजीची धास्ती. बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलं, नेट परीक्षा निघाली आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगाव भागात सिकलसेलवर काम सुरू केलं. प्रबंध जमा करेपर्यंत पाच वर्षं गेली. त्यात मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला पहिल्याच महिन्यात कळावं म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीला शिकायला सिकलसेलसारखा आजार नाही, असं माझं ठाम मत आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. बिघाड एवढाच. ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे दांडे होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि माणूस हाडं फुटल्यासारखा कळवळतो. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली या वाकड्या पेशींची नोंद छापली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखवलं, आणि १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमका फरक हुडकून काढला. रेणूपासून रोग्याच्या खाटेपर्यंत सगळी वाट एका आजारात बघायला मिळते.

आणि हे सगळं काही सातासमुद्रापलीकडचं नाही. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकल हिमोग्लोबिन सापडलं ते १९५२ साली. त्याच वर्षी मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो अजब रक्तगट नोंदवला, जो आज जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) राष्ट्रीय रुधिर-प्रतिकारशास्त्र संस्था आहे आणि हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी तिचं एक केंद्र चंद्रपूरला आहे. पुण्या-मुंबईबाहेर विज्ञान होत नाही असं वाटणाऱ्या मुलांना मी चंद्रपूरचं नाव मुद्दाम सांगते.

'दुर्मिळ आजार' या शब्दाने मात्र मला बराच काळ गोंधळात टाकलं होतं. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणानंतर या विषयाकडे लक्ष वळलं. ठरवून दिलेल्या केंद्रांत त्या धोरणात बसणाऱ्या आजाराच्या रुग्णाला पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि केईएम हे त्यांपैकी एक केंद्र आहे. पण पुस्तकात दुर्मिळ असलेला आजार सातपुड्यात दुर्मिळ नसतो. तिथे एकाच घरात सिकलसेलचे तीन-तीन वाहक भेटतात, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेली, स्वतः आजारी नसलेली माणसं. विषय निवडताना जागतिक आकडे बघू नका. तुमच्या हाताशी कोणते रुग्ण आहेत, त्यांची भाषा तुम्हाला येते का आणि पाच वर्षं तुम्ही त्यांच्यापर्यंत पोचू शकाल का, हे बघा. माझ्या एका मैत्रिणीने फार गाजलेला आजार घेतला आणि दोन वर्षांत तिला चार रुग्ण मिळाले. हुशारीत ती माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे होती.

पैशांबद्दल थोडक्यात. जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलोशिपला) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. फेलोशिप वेळेवर येईलच असं नाही, म्हणून तीन-चार महिन्यांचा खर्च आधी बाजूला ठेवा. शक्य असेल तर पीएचडीला नाव घालण्याआधी सहा महिने एखाद्या प्रोजेक्टवर काम करा. सकाळी सहाला जीपमध्ये बसून रात्री नऊला नमुने फ्रीजमध्ये ठेवायचे, हे आपल्याला झेपतं का ते तेवढ्यात कळून येतं.

माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीची तयारी मात्र पहिल्या दिवसापासून करा. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मुळातून वाचा, कुणी काढलेल्या नोट्समधून नको. सात वर्षांवरच्या मुलांची स्वतःची तयारीही विचारावी लागते, आईबापांची सही पुरत नाही. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी बाहेरचा निःपक्ष साक्षीदार लागतो. आमचं संमतिपत्र मराठीत होतं, पण धडगावकडच्या पाड्यांवर बायका पावरी बोलतात. माझी मराठी त्यांना कचेरीची भाषा वाटायची. शेवटी एका आशाताईने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "ताई, तू 'संशोधन' म्हणतेस तेव्हा त्यांना वाटतं रक्त विकायला नेतात. किती काढणार ते नळी दाखवून सांग." त्या दिवसापासून मी आधी रिकामी नळी हातात द्यायचे. जांभळ्या झाकणाची, दोन मिलीची. बायका ती उलटसुलट करून बघायच्या, एकमेकींना दाखवायच्या आणि मग दंड पुढे करायच्या.

आता प्रयोगशाळेतल्या, नवख्यांचे हमखास घोळ होणाऱ्या गोष्टी.

गावात पहिली चाचणी सॉल्युबिलिटीची, म्हणजे हिमोग्लोबिन विरघळतं का ते बघण्याची. द्रावणाच्या नळीत रक्त टाकायचं आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या नाहीत तर सिकल हिमोग्लोबिन आहे. चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण वाहक आणि रुग्ण यांतला फरक ती सांगत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळावर तिचा भरवसा धरू नका, कारण त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं. अंगात रक्त फारच कमी असेल तर आजार असूनही नळी स्वच्छ दिसू शकते, आणि आपल्याकडे अशा बायका काही कमी नाहीत. शिवाय त्या द्रावणातली, ऑक्सिजन काढून घेणारी डायथायोनाइटची पावडर ओल धरली की निकामी होते. सातपुड्यातल्या पावसात एका आठवड्याच्या माझ्या सगळ्या चाचण्या 'नॉर्मल' आल्या. आनंद व्हायच्या ऐवजी शंका आली म्हणून निभावलं. तेव्हापासून रोज सकाळी एक माहीत असलेला वाहकाचा नमुना आणि एक निरोगी नमुना आधी लावल्याशिवाय मी पहिल्या माणसाचं रक्त नळीत घातलं नाही.

नक्की निदान एचपीएलसीवर होतं, म्हणजे रक्तातली वेगवेगळी हिमोग्लोबिनं सुटी करून मोजणाऱ्या यंत्रावर. आमच्या यंत्रावर सिकलचं पीक (आलेखातलं टोक) साडेचार मिनिटांच्या आसपास यायचं, त्याच्या जरा आधी डी या दुसऱ्या प्रकारच्या हिमोग्लोबिनची खिडकी, म्हणजे ठरलेली वेळ, आणि त्याही आधी निरोगी रक्तातही थोडं असणाऱ्या ए-टूची. नवखी मुलं यंत्राने छापलेलं नाव तसंच उतरवून घेतात. ई हिमोग्लोबिन ए-टूच्याच खिडकीत येतं. सिकलचा एक बदललेला अंशही तिथेच येऊन मिसळतो, त्यामुळे ए-टू वाढलेलं दिसतं आणि माणूस घाईने 'सिकल-थॅलेसेमिया' (सिकलबरोबर थॅलेसेमिया हा दुसरा आनुवंशिक रक्तदोषही) लिहून मोकळा होतो. आईबापांचे नमुने तपासल्याशिवाय तो शब्द रिपोर्टवर लिहू नका. आणि प्रत्येकाला विचारा, गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं होतं का? चढवलं असेल तर तुम्ही त्याचं एकट्याचं नाही, रक्तदात्याचंही हिमोग्लोबिन मोजता आहात.

नमुने आणताना बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये जाड कापड किंवा पुठ्ठा हवा. माझी पहिली चाळीस सॅम्पलं गोठून फुटलेल्या पेशींनी लालभडक झाली होती. चाळीस माणसांना सुई टोचून मी काहीच घेऊन आले नव्हते. परत जाऊन माफी मागितली. सदतीस जणांनी पुन्हा हात पुढे केला.

पण मला सगळ्यांत जास्त सलते ती गोष्ट प्रयोगशाळेतली नाही.

दुसऱ्या वर्षी एका आश्रमशाळेत तपासणी केली. महिन्याभरात निकाल तयार झाले. मी नावांसमोर 'नॉर्मल', 'वाहक', 'रुग्ण' असं लिहून यादी शाळेकडे दिली. वेळेत दिली याचं मला समाधान होतं. पुढच्या खेपेला गेले तर यादी नोटीस बोर्डावर लावलेली. आठवीतली एक मुलगी माझ्याकडे आली आणि विचारलं, "मॅडम, माझं नाव कसं पुसायचं?" मुली तिला 'सिकलवाली' म्हणत होत्या. ती वाहक होती, आजारी नव्हती. तिला आयुष्यात बहुधा काहीच त्रास होणार नव्हता. जो त्रास झाला तो माझ्या यादीमुळे झाला. मी बोर्डावरची यादी काढली, पण शंभर मुलींनी वाचलेलं कसं काढणार?

त्यानंतर एकही यादी दिली नाही. प्रत्येकाचं बंद पाकीट, त्याच्याच हातात, मूल असेल तर आईबापांच्या हातात. आणि पाकीट देताना खाली बसून पाच मिनिटं बोलणं. माझ्या प्रबंधाच्या संख्याशास्त्रात या पाच मिनिटांना कुठेच रकाना नाही. पण तुम्ही वेळापत्रक आखाल तेव्हा त्यासाठी आख्खे महिने राखून ठेवा. नमुने गोळा करायला जितके दिवस लागतील, त्याच्या दुप्पट दिवस रिपोर्ट पोचवायला लागतात.

दुप्पट का, तर माणसं घरी नसतात. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे ऊसतोडीला गुजरातकडे जातात. नमुने मी पावसाळ्यानंतर घेतले आणि रिपोर्ट घेऊन डिसेंबरात पोचले, तर घरांना कड्या आणि ओट्यावर एखादी म्हातारी. तिनेच सांगितलं, होळीला ये. सातपुड्यात होळीला माणूस कुठेही असो, घरी येतो. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासून गावं भरू लागतात आणि काठी गावची राजवाडी होळी तर पहाटे पेटते, रात्रभर माणसांचा पूर. मी माझं सगळं वेळापत्रक होळीभोवती फिरवलं. गाईडना आधी पटलं नाही. पहिल्या वर्षी पाकिटं मुक्कामी पोचलेली बघून पटलं.

त्या पाच मिनिटांत काय बोलायचं हेही शिकावं लागतं. एका आईचा पहिला मुलगा रुग्ण होता. आईबाप दोघंही वाहक. मी पुस्तकी पद्धतीने सांगितलं, चारांत एक शक्यता. तिने समाधानाने श्वास सोडला. "म्हणजे एक झाला. आता तीन चांगली होतील." मला हे ऐकून धस्स झालं. याआधी किती घरांतून मी हाच गैरसमज मागे ठेवून आले असेन?

तिच्या ओट्यावर मका वाळत होता, पांढरा आणि पिवळा. मी तिच्या मुठीत एक पांढरा, एक पिवळा दाणा ठेवला, नवऱ्याच्या मुठीतही तसेच. म्हटलं, न बघता एकेक दाणा काढ. दोन्ही पिवळे निघाले तर मूल आजारी. काढले की दाणे परत मुठीत, कारण पुढच्या बाळाच्या वेळी मुठी पुन्हा भरलेल्याच असतात. तिने सात-आठ वेळा काढून बघितलं. लागोपाठ दोनदा दोन्ही पिवळे आले तेव्हा ती थांबली आणि नवऱ्याकडे बघून पावरीत काहीतरी म्हणाली. आशाताईने मला अर्थ सांगितला: "दर वेळी नवीनच." माझ्या गोष्टीपेक्षा तिचे दोन शब्द नेमके होते. पुढे मी तेच वापरले. आता तुम्ही वापरा. पुढच्या गरोदरपणात लवकर तपासणी करता येते आणि ती कुठे होते, हेही त्याच बैठकीत सांगा.

रुग्ण असलेल्यांना हायड्रॉक्सियुरिया मिळतं का, हेही विचारत जा. गोळी जुनीच आहे. ती गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते आणि वेदनांचे झटके कमी करते, पण मधूनमधून रक्ततपासणी करावी लागते. औषध देणं तुमचं काम नाही. गोळ्या बंद पडल्यात हे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या कानावर घालणं मात्र तुम्हाला जमतं. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन बऱ्याचदा जास्त असतं, म्हणून आपला सिकलसेल 'सौम्य' असं तुम्ही वाचाल. ते वाचून झालं की जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात एक रात्र काढा.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन असं उद्दिष्ट तेव्हा ठरवलं गेलं. तपासणीसाठी हात लागतील, प्रोजेक्टच्या जागाही निघतील. मुलाखतीला गेलात तर तुम्हीही एक प्रश्न विचारा: रिपोर्ट घरी पोचवायचे पैसे आणि दिवस प्रस्तावात धरले आहेत का?

माझा प्रबंध जमा झाला, पेपर छापून आला. कपाटात अजून अकरा पाकिटं आहेत. पाच घरं सुरतेकडे गेली, दोन मुलींची लग्नं होऊन गावं बदलली, बाकीच्यांचा पत्ता आशाताई शोधते आहे. त्यातल्या तिघांचा तिने गेल्या आठवड्यात फोन करून सांगितला. होळीला जाते आहे.