पिकअपचा हौदा कसा भरावा: वजन, जागा आणि बांधणी

नारायणगाव, पिंपळगाव बसवंत किंवा वाशीच्या बाजार समितीच्या आवारात पिकअपवाले चहाला थांबले की गप्पांचे विषय ठरलेले असतात: कोणाची गाडी किती ॲव्हरेज देते, कोणी किती कॅरेट मारले, कोणी मागे जादा पाटा (चाकांवरच्या स्प्रिंगची लोखंडी पट्टी) टाकून घेतला आणि घाटात कोणाची गाडी तापली. या बोलण्यात "किती मारलेस?" हा प्रश्न दर वेळी येतो, पण तो माल हौद्यात कुठे ठेवला होता हे क्वचितच कोणी विचारतो. गाडीचे स्टिअरिंग, ब्रेक आणि वळणावरचा तोल या दुसऱ्या प्रश्नावरही तितकाच अवलंबून असतो, आणि नवा पिकअपवाला ही गोष्ट सहसा पहिल्या घाटात शिकतो. ती गाडी भरण्यापूर्वीच शिकलेली बरी.

सुरुवात अर्थातच वजनापासून करावी लागते. आरसी बुकात गाडीचे रिकामे वजन आणि मालासह एकूण कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांच्यातील फरक म्हणजे पूर्णपणे मालासाठी मिळालेली जागा, असे बहुतेक जण समजतात. ते बरोबर नाही. नोंदलेल्या रिकाम्या वजनात चालक आणि मदतनीस धरलेले नसतात, आणि पासिंगनंतर बसवलेले उंच फाळके (हौद्याच्या कडेच्या व मागच्या झडपा), लोखंडी सांगाडा किंवा केबिनवरचे कॅरिअरही त्यात नसते. फरक १५०० किलो असेल, तर त्यातून दोन माणसांचे १५० किलो आणि सांगाड्याचे १०० किलो वजा केल्यावर मालासाठी १२५० किलो उरतात. टोमॅटोचे २० किलोचे कॅरेट रिकाम्या कॅरेटसह सुमारे २२ किलो धरले, तर ५६ कॅरेटांतच ही मर्यादा संपते. हंगामात याहून कितीतरी अधिक कॅरेट चढवलेल्या गाड्या रोज दिसतात, कारण भाडे कॅरेटमागे मिळते आणि प्रत्येक जादा थर म्हणजे जादा पैसे असतात. हा मोह समजण्यासारखा आहे, तरीही मर्यादा बदलत नाही.

स्वतःच्या गाडीचे खरे रिकामे वजन एकदा वजनकाट्यावर करून घ्यावे. त्याच वेळी केवळ पुढची चाके काट्यावर घेऊन त्यांचे वजन वेगळे लिहून ठेवावे. एकूण वजनातून ते वजा केले की मागच्या ॲक्सलचे, म्हणजे मागची चाके जोडणाऱ्या आसाचे, वजन मिळते. नंतर गाडी भरल्यावर तिचेही असेच दुहेरी वजन करावे. माझ्या मते पिकअपवाल्याने करण्यासारखी ही सर्वांत उपयोगी तपासणी आहे, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो, आणि हे डोळ्यांना दिसत नाही.

असे का होते, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ३ मीटर आहे असे धरू. मागच्या ॲक्सलच्याही मागे १ मीटरवर, म्हणजे जवळजवळ फाळक्याला टेकून, ३०० किलोच्या गोण्या ठेवल्या, तर मागच्या चाकांवर ३०० नव्हे, ४०० किलो भार येतो आणि पुढच्या चाकांवरचा १०० किलो भार उचलला जातो. त्याच गोण्या ॲक्सलच्या पुढे अर्ध्या मीटरवर ठेवल्या, तर मागे २५० आणि पुढे ५० किलो भार पडतो. माल तोच, गाडी तीच. पहिल्या गाडीचे स्टिअरिंग हलके पडते, ओल्या रस्त्यावर पुढची चाके वळणात धरत नाहीत आणि ब्रेक मारताना सर्वाधिक काम ज्या चाकांनी करायचे त्यांचीच पकड कमी झालेली असते. चढावर हा परिणाम आणखी वाढतो.

म्हणून सर्वांत जड माल आधी, सर्वांत खाली आणि केबिनमागच्या जाळीला पूर्ण टेकवून लावावा, तिथून मागे येत जावे आणि हलका माल फाळक्याकडे ठेवावा. हमालांना घाई असते आणि माल मागूनच चढत असल्याने जड गोणी हाताशी येईल तिथे टाकण्याकडे त्यांचा कल असतो. चालकाने त्या वेळी स्वतः हौद्याजवळ उभे राहून प्रत्येक थराची जागा सांगितली पाहिजे. डावी-उजवी बाजूही सारखी ठेवावी. गाडी सपाट जागेवर उभी करून मागून पाहिल्यास एका बाजूचे पाटे जास्त दबलेले लगेच ओळखता येतात.

उंचीबाबत माझे मत कडक आहे: कॅरेटचे थर केबिनच्या छताच्या फार वर जाऊ नयेत. माल जितका उंच, तितका गाडीचा तोल वर सरकतो, आणि वळणावर बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ज्या वळणावर ताशी ३० किलोमीटर वेग योग्य आहे, तेच वळण ४० च्या वेगाने घेतले तर हा जोर पावणेदोन पटींच्या वर जातो. माळशेज किंवा कसारा घाटात पावसाळ्यात रात्री उतरणाऱ्या गाडीला हा फरक झेपत नाही.

पाण्याच्या टाकीचा विचार वेगळा करावा लागतो. १००० लिटर पाणी म्हणजे सरळ एक टन, पण खरी अडचण अर्ध्या भरलेल्या टाकीत असते, कारण ब्रेक मारला की पाणी पुढे आणि वळण घेतले की बाजूला धावते आणि गाडीचा तोल प्रत्येक क्षणी बदलतो. टाकी एक तर तोंडापर्यंत भरून न्यावी किंवा रिकामी न्यावी; पूर्ण भरल्यावर वजन मर्यादेबाहेर जात असेल, तर लहान टाकी घ्यावी. सळया, पाइप किंवा बांबू हौद्याबाहेर लोंबत असतील तर टोकाला लाल फडके बांधून भागते, हा समजही सोडून द्यावा. मोटार वाहन कायद्यात हौद्याच्या मर्यादेबाहेर गेलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे, आणि मागच्या दुचाकीस्वाराला अंधारात ते फडके दिसत नाही.

जादा पाट्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याचा सल्ला सर्वांत सहज दिला जातो. मागे आणखी एक पाटा टाकला की भरलेली गाडी कमी बसते, त्यामुळे गाडीची ताकद वाढल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी यांपैकी कशाचीही क्षमता वाढलेली नसते. शिवाय अनेक पिकअपच्या मागच्या ॲक्सलजवळ एक झडप असते, जी गाडी किती बसली आहे यावरून भार ओळखते आणि त्या प्रमाणात मागच्या ब्रेकला दाब देते. पाटा कडक केल्यावर भरलेली गाडीही कमी बसते, झडपेला ती हलकी वाटते आणि मागच्या ब्रेकना हवा तेवढा दाब मिळत नाही. पाटे थकले असतील तर ते कंपनीच्या मापाचेच बदलून घ्यावेत.

टायरची हवा गाडी थंड असताना, निघण्यापूर्वी तपासावी. उत्पादकाने रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात. ते पाळावेत आणि स्टेपनीलाही विसरू नये.

आता बांधणी. जोरात ब्रेक मारल्यावर माल पुढे जाण्याचा जोर त्याच्या वजनाच्या आठ-दशांशापर्यंत पोहोचू शकतो, म्हणजे एक टन माल सुमारे ८०० किलोच्या जोराने केबिनकडे सरकू पाहतो. एवढा जोर एकटा दोर रोखू शकत नाही. म्हणूनच माल जाळीला टेकलेला असणे महत्त्वाचे आहे. मध्ये मोकळी जागा राहिली तर रिकामी कॅरेट किंवा फळ्या घालून ती भरून काढावी. दोराचे काम माल खाली दाबून धरण्याचे आणि बाजूला हलू न देण्याचे असते. दोराचे एक टोक हौद्याच्या हुकाला पक्के बांधावे, दोर मालावरून पलीकडे टाकावा, पलीकडच्या हुकाच्या वर हातभर अंतरावर दोरातच एक फास घालावा, मोकळे टोक हुकाखालून घेऊन त्या फासातून ओवावे आणि खाली ओढून गाठ मारावी. नुसते हाताने ओढण्यापेक्षा यात बराच अधिक ताण मिळतो. पट्टा आणि रॅचेट (पट्टा आवळणारी कळ) असेल तर काम सोपे होते, मात्र कॅरेटच्या कडा पट्टा कापतात, त्यामुळे तिथे पोत्याची घडी ठेवावी. दोन ताडपत्र्या लावायच्या असतील तर आधी मागची टाकावी आणि पुढचीचा काठ तिच्यावर घ्यावा, म्हणजे वारा फटीतून आत शिरत नाही.

पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर गाडी थांबवून दोर पुन्हा ताणावेत. भाजीपाला आणि गोण्या हादऱ्यांनी खाली बसतात, आणि निघताना घट्ट असलेला दोर तोवर सैल पडलेला असतो. वाटेत दोन-तीन ठिकाणी माल उतरवायचा असेल, तर प्रत्येक वेळी माल उतरवल्यावर उरलेला माल पुन्हा बांधणे तितकेच आवश्यक आहे.

घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये. ब्रेक सतत दाबून धरल्यास ते तापतात आणि पकड सोडतात, म्हणून इंजिनाला गाडी धरू द्यावी आणि ब्रेक थोडा वेळ दाबून पुन्हा सोडावा.

वऱ्हाड, शेतमजूर किंवा यात्रेकरू यांना हौद्यात बसवू नये. हे लिहिताना ग्रामीण भागात वाहनाची किती अडचण असते याची मला जाणीव आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप घाटरस्त्यावर कोसळली आणि अनेक महिलांचा जीव गेला. हौद्यात माणसाला धरायला काही नसते, पट्टा नसतो, आणि चढावर सगळी माणसे एकदम मागे सरकली तर वर सांगितलेला ॲक्सलमागचा हिशेब क्षणात लागू होतो.

कायद्याचे आकडेही जवळ असावेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. वजन करण्यास नकार दिल्यास दंड ४०,००० रुपये आहे. काट्याची पावती गाडीत ठेवली तर शेतकऱ्याशी भाड्याचा हिशेब करतानाही ती उपयोगी पडते.

माल उतरवून परतताना बहुतेक जण निर्धास्त होतात, पण रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर फार कमी भार असतो आणि कडक पाट्यांमुळे ती खड्ड्यांवर उडते. पावसात अशी गाडी मागून सरकते, म्हणून रिकाम्या परतीलाही वेग कमीच ठेवावा, रिकामी कॅरेट एकात एक घालून केबिनच्या जाळीला बांधावीत आणि फाळक्याच्या कड्या नीट लागल्या आहेत याची खात्री करूनच निघावे.