धातूचा माग काढायचा तर आधी गाळात हात घाला

नदीत धातू शोधायला निघालेला माणूस पहिल्यांदा पाण्याची बाटली भरतो. मीही बरीच वर्षं तेच केलं. पण पाण्यातून कळतं ते फक्त त्या घटकेचं. रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेलेलं असतं, आणि धातू चिकटून बसलेला असतो गाळात.

नमुना संथ पाण्यातून घ्या: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या खडकाच्या आडोशाला, डोहाच्या काठाला. वरचा २ सेंटीमीटरचा थर प्लास्टिकच्या चमच्याने अलगद उचला. संशयित नाल्याच्या वरच्या अंगाला किमान दोन-तीन जागा हव्यातच.

मग गाळ ६३ मायक्रोमीटरच्या नायलॉन चाळणीतून चाळा. नायलॉनच हवी. पहिल्या हंगामात मी पितळी चाळणी वापरली, तर अगदी उगमाजवळच्या गाळातही तांबं आणि जस्त चढलेलं दिसलं. ते चाळणीचं होतं. सगळे नमुने टाकून पुन्हा नदीवर जावं लागलं. चाळायचं कारण असं की धातू चिकणमातीच्या बारीक कणांना आणि लोहाच्या ऑक्साइडला धरून राहतात, वाळूला फारसे नाही. त्यामुळे न चाळता दोन जागांची तुलना केली तर प्रदूषणाऐवजी वाळूचं प्रमाणच मोजलं जातं. चाळूनही प्रत्येक आकडा त्याच नमुन्यातल्या ॲल्युमिनियमच्या प्रमाणाने भागून पाहा; नमुन्यात चिकणमाती किती, हे ॲल्युमिनियमवरून कळतं. पारा मोजायचा असेल तर गाळ तापवून वाळवू नका, पारा उडून जातो.

मूळची पातळी किती, हे खोलवरचा गाळ सांगतो. पात्रातला गाळ पूर उलथून टाकतो, म्हणून गाळाचे थर जसेच्या तसे उचलणारी नळी पूरमैदानातल्या शांत तळ्यात उतरवा. थरांचं वय शिसे-२१० या शिशाच्या किरणोत्सारी रूपावरून काढता येतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं आहे, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं.

आता जीव. दगडावरचं शेवाळ खरवडा, त्यावर चरणाऱ्या अळ्या गोळा करा, मग मासे. अळ्यांना एक दिवस स्वच्छ पाण्यात ठेवून पोट रिकामं होऊ द्या, नाहीतर अळीच्या नावाखाली तिच्या पोटातला गाळच मोजला जाईल. मासे एकाच जातीचे, साधारण एकाच लांबीचे घ्या. पाऱ्यासाठी स्नायू, कॅडमियमसाठी यकृत आणि मूत्रपिंड, शिशासाठी हाडं तपासा.

कोण कोणाला खातं हे नायट्रोजन-१५, म्हणजे नायट्रोजनचं जड रूप, सांगतं. अन्नसाखळीत एक पायरी चढलं की त्याचं मूल्य सरासरी ३.४ प्रति हजाराने वाढतं. आलेखाच्या एका अक्षावर हे मूल्य, दुसऱ्यावर धातूच्या प्रमाणाचा लॉग (लॉगरिदम) मांडा. मिथाइल पाऱ्याची, म्हणजे जीवांत साठणाऱ्या पाऱ्याच्या सेंद्रिय रूपाची, रेघ वर चढते. शिशाची सहसा उतरते. म्हणून मोठ्या माशाच्या मांसात शिसं सापडलं नाही तर नदीला निर्दोष ठरवू नका. ते खाली अळ्यांमध्ये आणि शेवाळात असू शकतं. ही चूक मी अहवालांमध्ये इतक्यांदा पाहिली आहे की आता कोणताही अहवाल उघडला की आधी अळ्यांचा तक्ता शोधते.

इथे आणखी एक फसगत होते. मैलापाण्याने नदीतला नायट्रोजन-१५ मुळातच वाढतो. नाल्याच्या खालचा मासा मग साखळीत एक पायरी वर असल्यासारखा भासतो, प्रत्यक्षात तो तेच खात असतो. म्हणून प्रत्येक जागी तिथल्याच गोगलगाई किंवा शिंपल्यांतला नायट्रोजन-१५ मोजा आणि माशाचं मूल्य त्यांच्या तुलनेत वाचा.

प्रयोगशाळेत कोरी चाचणी (नमुन्याशिवाय केलेली), दुहेरी नमुने आणि प्रमाणित संदर्भ-गाळ (ज्यातलं धातूचं प्रमाण आधीच माहीत आहे असा) प्रत्येक फेरीत चालवा. यात सूट नाही.

गाळात धातू भरपूर आणि अळ्यांत कमी, असं दिसलं तर तो बहुधा प्राणवायू नसलेल्या थरात सल्फाइडने बांधलेला असतो. गाळ ढवळला, हवा लागली, की धातू सुटतो. अशा जागेची नोंद ठेवा, आणि पूर ओसरल्यावर किंवा गाळ उपसल्यावर त्याच दगडावरच्या अळ्या पुन्हा गोळा करा.