मुलाची कस्टडी आणि भेटीची केस: फॅमिली कोर्टात जाणाऱ्यांसाठी, एका बापाकडून

माझा पहिला अर्ज अकरा पानांचा होता. त्यातली नऊ पानं बायको कशी आहे, तिची आई कशी आहे, कोण कुणाला काय बोललं यावर, आणि मुलगा आला एकदम शेवटी, तोही 'सदर अज्ञान मुलगा' म्हणून (कोर्टाच्या भाषेत अज्ञान म्हणजे अल्पवयीन). कोर्टाच्या समुपदेशक बाईंनी ती फाईल उघडलीच नाही, बाजूला सरकवली आणि विचारलं, त्याच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय, व्हॅन किती वाजता येते, मागचा ताप कधी आला होता? मला फक्त पहिल्याचं उत्तर आलं, आणि तेही मागच्या वर्षीच्या बाईंचं निघालं.

त्या दिवशी डोक्यात उजेड पडला की इथे नवराबायकोच्या भांडणाचा निकाल लागतच नाही. घटस्फोटाच्या केसमध्ये कोण चुकलं ते बघतात, कस्टडीत मात्र एवढंच बघतात की या पोराचा रोजचा दिवस कुणाकडे नीट जाईल. बहुतेक लोक तिथेच चुकतात, मीही चुकलो, म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही, पण चार वर्षं तारखा केल्यात.

आधी कायदा थोडक्यात, कारण ओळखीपाळखीचे लोक यात फार फेकतात. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 च्या कलम 6 मध्ये लिहिलंय, पण 'साधारणपणे' हा शब्द तिथे आहे हे विसरू नका, आणि पाच पूर्ण झाली की मूल आपोआप बापाकडे जातं असंही कुठे लिहिलेलं नाही. त्याच कायद्याच्या कलम 13 मध्ये मुलाचं हित सगळ्यात वर ठेवलंय. पालक म्हणून आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई, ही जी जुनी भाषा आहे तिचा अर्थ सुप्रीम कोर्टाने 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या केसमध्ये मोकळा केला, म्हणजे बाप जिवंत असला तरी लक्ष देत नसेल तर आई नैसर्गिक पालक होऊ शकते. धर्म कुठलाही असो, 1890 चा पालक आणि पाल्य कायदा सगळ्यांना लागतो. घटस्फोटाची केस आधीच चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली त्यातच अर्ज करता येतो, वेगळी केस टाकायची गरज नाही. बाईने घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केलेला असेल तर कलम 21 खाली तिथेही तात्पुरता ताबा मिळू शकतो, आणि भेटीने मुलाला धोका आहे असं वाटलं तर मॅजिस्ट्रेट भेट नाकारूही शकतो. मारहाण, दारू, मुलाशी वाईट वागणं असं काही खरंच असेल तर ते पहिल्याच अर्जात तारखांसकट सांगा, मागाहून आठवलं म्हणून सांगितलं की त्याचं वजन निम्मं होतं.

केस कुठे टाकायची हा पहिला खेळ. 1890 च्या कायद्याचं कलम 9 म्हणतं की मूल नेहमी जिथे राहतं तिथलं कोर्ट. यावरून लोक काय करतात तर मुलाला उचलून दुसऱ्या गावी नेतात, तिथल्या शाळेत घालतात आणि म्हणतात आता हेच गाव. असं करू नका, कोर्टाला ही चाल रोज दिसते. आणि समोरच्याने तसं केलं तर महिना दोन महिने 'बघू, येईल परत' करत बसू नका, लगेच अर्ज टाका, कारण जितके दिवस जातील तितकं मूल तिथे रुळतं आणि मग रुळलेल्या मुलाला हलवायला कोणताही जज नाखूशच असतो. हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा अडकवलेल्याला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज, टाकायचं लोक सुचवतात, पण 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मुलाला बेकायदा ठेवलं असेल आणि नेहमीचा मार्ग उपयोगाचा नसेल तेव्हाच तो रस्ता, एरवी पालकत्वाच्या कायद्यानेच जायचं.

परदेशात नेण्याची भीती असेल तर ते आधीच बोला. मुलांच्या अपहरणाबद्दलचा 1980 चा हेग करार आहे ना, भारत त्यात नाही, म्हणजे मूल एकदा बाहेर गेलं की परत आणायला त्या कराराचा आधार नाही. कोर्टाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर न्यायचं नाही आणि पासपोर्ट कुणाकडे राहील, हे दोन्ही अंतरिम अर्जात, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या हुकमासाठीच्या अर्जातच, मागून घ्या.

आता अंतरिम अर्ज. मूळ केस किती वर्षं चालेल ते देवाला ठाऊक, तोवर तुम्ही मुलाला कसे भेटणार हे या अर्जावर ठरतं, त्यामुळे खरी केस हीच असं समजा. समोरून 'से', म्हणजे लेखी उत्तर, यायला एक तारीख, वकील आजारी म्हणून दुसरी, आणि मग मे महिना येतो आणि कोर्टाला सुट्टी लागते. म्हणून सुट्टीतल्या भेटीचा अर्ज मार्चमध्येच टाका, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज घेऊन धावणारे आईबाप मी दर वर्षी बघितलेत. तारीख, रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद), ऑर्डर हे सगळं ई-कोर्ट्स अ‍ॅपवर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा तिचा स्वतःचा नंबर) टाकून बघता येतं, वकिलाला दर दोन दिवसांनी फोन करायची गरज नाही. तसं 1984 च्या फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम 13 प्रमाणे तिथे वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, कोर्टाची परवानगी लागते, आणि तुम्हाला स्वतःला बोलता येतं. बोला. जज विचारतात तेव्हा वकिलाकडे बघू नका, मुलाबद्दल दोन वाक्यं तरी तुमच्या तोंडून जाऊ देत. केस बंद दाराआड चालवा असं एकाने जरी म्हटलं तरी त्याच कायद्याच्या कलम 11 खाली तशी चालते, शेजारीपाजारी येऊन बसत असतील तर हे उपयोगी पडतं.

सुरुवातीची भेट बऱ्याचदा कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत असते. आमची एका शनिवारी, दोन तास. प्लास्टिकची घसरगुंडी, चाक निघालेली एक गाडी, आणि भिंतीला टेकून माझ्यासारखे सहा-सात बाप आणि एक आजी. मी मोठं खेळणं घेऊन गेलो होतो, पोरगं माझ्याकडे बघेना, आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरून उभं. पहिला पाऊण तास मी नुसता जमिनीवर बसून ती चाक निघालेली गाडी नीट करत होतो, मग तो हळूच आला आणि म्हणाला 'हे असं नाही बसत'. बास. पुढच्या वेळी मी खेळणं नेलं नाही, स्क्रूड्रायव्हर नेला. सांगायचा मुद्दा हा की पहिल्या दोन-तीन भेटी वाया गेल्यासारख्या वाटतात, तरी जा, वेळेवर जा, आणि तिथल्या रजिस्टरमध्ये सही करा. ते रजिस्टर पुढे मुलाला रात्री तुमच्याकडे ठेवायची परवानगी, म्हणजे ओव्हरनाइट अ‍ॅक्सेस मागताना तुमच्या वकिलाच्या भाषणापेक्षा जास्त कामाला येतं.

आता ऑर्डरचे शब्द, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण सगळी भांडणं यातूनच होतात. आमच्या पहिल्या ऑर्डरमध्ये होतं 'महिन्यातून दोन शनिवार'. कोणते दोन ते नाही, किती वाजता ते नाही, कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं ते नाही, मुलाला ताप असेल तर काय ते नाही. मग एक शनिवार परीक्षा, एक शनिवार लग्न, एक शनिवार 'तो झोपलाय', आणि चौथ्या शनिवारी मी दारात उभा राहून आवाज चढवला, ज्याचा व्हिडिओ पुढच्या तारखेला माझ्याविरुद्ध दाखल झाला. चूक माझीही होतीच. पण त्या ऑर्डरमध्ये 'दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, सोसायटीच्या गेटवर घेणे-सोडणे, आजारपणात डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन दाखवायचं आणि बुडालेली भेट लगेचच्या रविवारी भरून द्यायची' एवढं असतं तर ती वेळच आली नसती. म्हणून अर्जात मागतानाच असं मागा. व्हिडिओ कॉलचा दिवस आणि वेळ लिहून घ्या, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की प्रत्यक्ष भेटीबरोबर फोन-व्हिडिओ कॉलने संपर्काचाही हक्क मुलाला आणि पालकाला असायला हवा. सुट्ट्या अर्ध्या-अर्ध्या असतील तर पहिली अर्धी कुणाची ते वर्षाआड बदलून घ्या. वाढदिवस. शाळेचा गॅदरिंग आणि पालकसभा, शाळेने दोघांनाही मेसेज पाठवावेत हे. आणि सोडताना कोण येणार, कारण नवीन जोडीदार किंवा सासरा गेटवर आला की वातावरण पेटतं.

समुपदेशकांपुढे किंवा मध्यस्थीत तडजोड झाली तर हेच सगळं संमतीपत्रात घाला. 'दोघे समजुतीने ठरवतील' हे वाक्य दिसलं की पेन खाली ठेवा, समजूत असती तर कोर्टात आलाच नसता. आणि सही करायच्या आधी घरी नेऊन वाचा, कारण संमतीने झालेल्या हुकमाविरुद्ध अपील चालत नाही. कस्टडीचा भाग मात्र पुढे परिस्थिती बदलली तर बदलून मागता येतो, संमतीने झाला असला तरी, हे 1973 पासूनच्या निकालांत ठरलेलंय. मूल मोठं होतं, शाळा बदलते, बदली होते, त्यामुळे कस्टडीची ऑर्डर कधीच कायमची नसते. हरलात असं वाटलं तरी हे लक्षात असू द्या.

जॉइंट कस्टडी, शेअर्ड पेरेंटिंग, म्हणजे ताबा आणि सांभाळ दोघांकडे मिळून, हे शब्द सगळे वापरतात. सरकारला कायदे सुचवणाऱ्या लॉ कमिशनने 2015 च्या 257 व्या अहवालात त्याची शिफारस केली होती, कायदा काही झाला नाही, पण दोघे तयार असले तर कोर्टं तसं करून देतात. दोन्ही घरं शाळेपासून जवळ नसतील तर माझ्या मते त्या फंदात पडू नये, पोरगं दप्तर घेऊन इकडून तिकडे फिरत राहतं.

पुरावा म्हणजे एक साधी वही. तारीख, भेट झाली की नाही, किती वाजता, कारण काय सांगितलं, एका ओळीत. शिव्या नाहीत, मनातलं नाही. शाळेची फी तुम्ही भरली असेल तर पावती, डॉक्टरकडे नेलं असेल तर कागद, मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट. समोरच्याशी मेसेजवर बोलताना प्रत्येक मेसेज जज वाचतायत असं धरून टाइप करा, रात्री अकरानंतर तर टाइपच करू नका. मुलाचं बोलणं मात्र रेकॉर्ड करू नका, 'सांग बरं आई काय म्हणते' असं विचारत फोन पुढे धरला की ते पोर पुढच्या भेटीपासून तुमच्याशी जपून बोलायला लागतं.

जज मुलाला चेंबरमध्ये घेऊन बोलतात. किती वर्षांचं असलं की त्याचं मत धरायचं याचा आकडा कायद्यात नाही, 1890 च्या कायद्याचं कलम 17 एवढंच म्हणतं की समजून मत देण्याइतकं मोठं असेल तर विचारात घेता येईल. पढवून पाठवलेलं मूल त्यांना दोन मिनिटांत कळतं, सात वर्षांचं पोर 'माझ्या सर्वांगीण विकासासाठी' म्हणालं की संपलंच. आणि समोरच्याने मन कलुषित केलंय असं म्हणायचं असेल तर नुसतं 'पेरेंटल एलिअनेशन सिंड्रोम' असं इंग्रजी नाव घेऊ नका, 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की असा शिक्का घाईने मारायचा नाही, नेमकं कधी काय वागणं झालं ते दाखवावं लागतं. पुन्हा तीच वही.

ऑर्डर असूनही मूल दिलं नाही तर? पोलिस बोलावून मुलाला ओढत आणू नका, ते दृश्य त्याच्या डोक्यात राहतं. ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी जा, अर्धा तास थांबा, 'मी गेटवर आहे' असा साधा मेसेज करा, घरी येऊन वहीत लिहा, आणि दोन-तीनदा झालं की अंमलबजावणीचा अर्ज, फारच झालं तर कोर्टाच्या अवमानाचा. बुडालेल्या भेटी भरून मागा, नुसती तक्रार करू नका. आणि भेट देत नाही म्हणून पोटगी थांबवू नका, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, उलट थकबाकी दाखवून समोरचा वकील तुमचा अर्ज पाडतो. तसंच पोटगी आली नाही म्हणून मूल अडवणाऱ्या आईचंही नुकसानच होतं. कस्टडी ज्याच्याकडे आहे त्याने भेट नीट होऊ दिली, याची नोंद कोर्ट घेतं, ही गोष्ट आयांनी आणि त्यांच्या घरच्यांनी जरा मनावर घ्या.

ऑर्डर लागली की त्याच आठवड्यात सर्टिफाइड कॉपीला, म्हणजे कोर्टाच्या सही-शिक्क्याच्या प्रतीला, अर्ज करा. अंतिम निकाल असेल तर हायकोर्टात अपिलाला तीसच दिवस आहेत, नुसत्या अंतरिम हुकमावर तसं अपील नाही. दोन-तीन झेरॉक्स काढा, एक शाळेत मुख्याध्यापिकेकडे द्या म्हणजे कुणी न्यायला आलं तर गेटवर वाद नको, एक गाडीत ठेवा. आणि संध्याकाळी सहाला सोडायचं असेल तर पावणेसहाला गेटवर असा, दप्तर, पाण्याची बाटली आणि दोन्ही सॉक्स आत आहेत ना ते बघून. आमच्याकडे एका सॉक्सवरून एक अख्खी तारीख गेलीय.