जखमेवरचे जंतू मोजायचेत? आधी ड्रेसिंग रूममध्ये उभे राहा

पीएचडीला लागले तेव्हा वाटायचं, त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांचं संशोधन म्हणजे सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचा क्रम वाचणं, आणि मग रंगीत आलेख. डायबेटिक फूटच्या ओपीडीत सहा महिने काढले आणि तो भ्रम उतरला.

मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. खिळा रुतला तरी कळत नाही. पायमोज्याला डाग दिसला किंवा वास सुटला की माणूस येतो. तोवर घरचे उपाय करून झालेले असतात. एका आजींनी हळूच विचारलं, "ताई, हळद दाबली होती, डॉक्टर रागावतील का?" मी नाही म्हटलं, पण नंतर घाम फुटला. माझ्या फॉर्ममध्ये हळदीला रकानाच नव्हता! हळद, मेडिकलमधून परस्पर आणलेली अँटिबायोटिक, बेटाडीन, सगळ्यांनी नमुना बदलतो. हे विचाराच, आणि न रागावता विचारा, नाहीतर खरं उत्तर मिळत नाही.

स्वॉब घेणं, म्हणजे कापसाच्या काडीने जखमेवरचा नमुना उचलणं, ही पोरखेळ वाटणारी पण खरी कसोटीची गोष्ट. पू पुसून आणला तर पुवातलेच जंतू कळतात. आधी सलाईनने जखम धुवायची, मग स्वच्छ दिसणाऱ्या साधारण एक चौरस सेंटिमीटर जागेवर स्वॉब दाबून पाच सेकंद फिरवायचा, आतला द्रव वर येईल इतपत. याला लेव्हिन पद्धत म्हणतात. जोडीला दुसऱ्या पायाच्या त्याच जागेवरच्या धड त्वचेचा नमुना घ्या. कपाळ घेऊन चालत नाही. तेलकट कपाळावर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा त्वचेवरचा जिवाणू माजलेला असतो, तळव्याचं गणित वेगळं.

आता माझी फजिती. पहिल्या अकरा नमुन्यांबरोबर मी ब्लँक, म्हणजे त्वचेला न लावलेला कोरा स्वॉब, लावलाच नव्हता. गाइडनी आलेख पाहून एवढंच विचारलं, "ब्लँक कुठाय?" नुसता हवेत उघडलेला स्वॉब पुढच्या खेपेस लावला, तर त्यातही राल्स्टोनिया आणि ब्रॅडिरायझोबियम निघाले. माती-पाण्यातले हे जिवाणू डीएनए काढायच्या किटमधूनच येऊ शकतात, हे 2014 साली सॉल्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलंय. धड त्वचेच्या स्वॉबमध्ये जिवाणूंचा डीएनए मुळातच कमी, त्यामुळे किटचा कचराही मोठा दिसतो. अकराही नमुने बाद.

आणखी एक खड्डा: आतड्यावर काम करणाऱ्या मैत्रिणीचा प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलू नका. जिवाणू ओळखायला त्यांचं १६एस जनुक वाचतात; त्याच्या व्ही४ भागासाठीचे नेहमीचे प्रायमर (तो भाग पकडून त्याच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) क्युटिबॅक्टेरियम नीट पकडत नाहीत. त्वचेसाठी त्याच जनुकाचा व्ही१ ते व्ही३ भाग बरा.

पीएचडीच्या प्रपोजलमध्ये 'चांगले जिवाणू, वाईट जिवाणू' लिहू नका, मुलाखतीत अडकाल. ब्राझीलमधल्या 2014 च्या अभ्यासात जंतुरहित उंदरांच्या जखमा लवकर भरल्या. उलट रोगप्रतिकारशास्त्रज्ञ यास्मिन बेलकेद यांच्या गटाला स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस या त्वचेवरच्या नेहमीच्या जिवाणूमुळे जागणाऱ्या टी पेशी (रोगप्रतिकारक पेशी) जखम भरायला मदत करताना दिसल्या. शिवाय उंदराची जखम कातडी आकसून मिटते, आपली बरीचशी नवी त्वचा चढून. म्हणून कातडी आकसू नये यासाठी उंदराच्या जखमेभोवती सिलिकॉनची कडी बसवतात.

एमएस्सी मायक्रोबायोलॉजी पुरते, पण आर (R) ही आकडेवारीची संगणकभाषा शिकून ठेवा. संमतिपत्रात मी 'सूक्ष्मजीवसमूह' लिहिलं होतं, एथिक्स कमिटीने परत पाठवलं. 'जखमेवरचे जंतू' लिहिल्यावर पेशंटनाही कळलं आणि कमिटीलाही.

चौथ्या आठवड्याला त्या आजी आल्याच नाहीत. फोन केला तर मुलगा म्हणाला, "जखम वाळली की, आता कशाला यायचं?" माझ्या शीटमध्ये त्यांच्यापुढे 'नमुना नाही' असं लिहिलंय. अशाच सात नोंदी खाली आहेत.